फोटो स्टुडिओचा हिशेब : जुने गिऱ्हाईक, नवे काम आणि माळ्यावरच्या निगेटिव्ह

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या मराठी घरांचा एके काळी जसा ठरलेला डॉक्टर आणि ठरलेला सोनार असे, तसा ठरलेला फोटोवालाही असे. बारशाचा फोटो त्याच्याकडे, मुंजीचा त्याच्याकडे, मुलगी दाखवायची तर तिचा उभा फोटो त्याच्याकडे आणि शेवटी भिंतीवर हार घालून लावायचा फोटोही त्याच्याचकडे. आज यांतली काही दुकाने बंद झाली, काहींत निम्म्या जागेत झेरॉक्स आणि मोबाइलची कव्हरे आली. आपल्या सभासदांपैकी काही कुटुंबे अजून हा धंदा चालवतात. त्यांच्या पुढच्या पिढीला हे दुकान घ्यावे की सोडावे हा प्रश्न पडलेला आहे.

मी बँकेत बरीच वर्षे लहान उद्योगांची कर्जप्रकरणे पाहिली. निवृत्तीनंतर ओळखीच्या दोन-तीन स्टुडिओवाल्यांच्या वह्या त्यांच्यासोबत बसून तपासल्या. त्या वेळी केलेली टिपणे इथे एकत्र मांडली आहेत. लेख मुख्यतः व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, परंतु जुन्या फोटोंविषयीचा भाग सर्वच घरांनी वाचावा असा आहे.

हा धंदा पूर्वीही सोपा नव्हता

दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळले ते पुष्कळ नंतर. त्याआधी ते आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि गोध्र्याला छायाचित्रकाराचा व्यवसाय करू लागले. १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेल्यावर ते बडोद्याला परतले व इथे पुन्हा फोटोचा धंदा उघडला. तो चालला नाही. कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो, फोटो काढल्याने आयुष्य घटते, अशी समजूत शहरात पसरलेली होती. म्हणजे काम चांगले, यंत्र चांगले, पण गिऱ्हाईक दाराशी येईना.

याउलट उदाहरण राजा दीनदयाळ यांचे. ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते. तिथे तुकोजीराव होळकरांचा आश्रय मिळाला आणि पुढे सिकंदराबाद, हैदराबाद व मुंबई इथे त्यांचे स्टुडिओ झाले. निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार होते हे सर्वांना ठाऊक असते. मला मात्र त्यांची १८९२ ची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या वर्षी त्यांनी हैदराबादेत फक्त स्त्रियांसाठी वेगळा झनाना स्टुडिओ उघडला आणि एका इंग्रज बाईंकडे तो सोपवला. पडद्यातल्या बायका पुरुष छायाचित्रकारासमोर बसणार नाहीत हे त्यांनी ओळखले. जे गिऱ्हाईक येऊच शकत नव्हते, त्याला येता येईल अशी सोय केली. आजच्या स्टुडिओवाल्यानेही आधी आपल्याकडे कोण येत नाही आणि का येत नाही, हे पाहावे.

कोणते काम गेले, कोणते राहिले

प्रथम गेलेले काम. पासपोर्ट सेवा केंद्रात अर्जदाराचा फोटो तिथेच काढतात. आधारचाही केंद्रावरच निघतो. बँकेत खाते उघडताना दोन फोटो लागत, तिथे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० पासून व्हिडिओवरून ओळख पटवण्याची परवानगी दिली. रोल धुणे आणि मॅक्सी साइझच्या छत्तीस कॉप्या काढणे हे तर कधीच संपले.

राहिलेले काम मात्र लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त आहे. चार वर्षांखालील मुलांच्या पासपोर्टसाठी पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो अजून घरूनच न्यावा लागतो आणि सहा महिन्यांच्या बाळाचा सरळ समोर पाहणारा, डोळे उघडे असलेला फोटो काढणे घरच्यांना सहसा जमत नाही. बडोद्यातल्या किती घरांत मुले परदेशी आहेत ते आपल्याला सांगायला नको. अमेरिकेच्या व्हिसाला २ इंच बाय २ इंच, पांढरी पार्श्वभूमी, आणि २०१६ च्या नोव्हेंबरपासून चष्मा चालत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसाला ३५ बाय ४५ मिलिमीटर. चेहरा चौकटीत किती मोठा हवा याचेही नियम आहेत. फोटो नाकारला गेला तर अर्ज अडतो आणि अहमदाबाद किंवा मुंबईची फेरी वाया जाते. म्हणून हे काम साध्या पासपोर्ट फोटोच्या दराने विकू नये. प्रत्येक देशाच्या मापांचा तक्ता भिंतीवर लावावा आणि फोटोच्या कारणाने अर्ज परत आला तर पुन्हा मोफत काढून देऊ असे लिहून द्यावे. गिऱ्हाईक फोटोच्या कागदाचे नव्हे, तर या हमीचे पैसे देते. व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्यांशी ओळख ठेवली तर गिऱ्हाईक त्यांच्याकडूनही येते.

आधी वही, मग कॅमेरा

इथे माझीच एक चूक सांगतो. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एका स्टुडिओला डिजिटल मिनिलॅबसाठी कर्ज द्यावे अशी शिफारस मी केली होती. प्रकल्प अहवालात रोज किती प्रिंट निघतात ते दिले होते आणि आकडे खरे होते. त्यावरून हप्ता सहज फिटत होता. मी एकच गोष्ट विचारली नाही : या प्रिंट काढायला येणारी माणसे कोण, आणि ती उद्या का येतील? काही वर्षांत प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, फोटो पडद्यावरच राहू लागले आणि यंत्र हप्ते फिटण्याआधी निरुपयोगी झाले. कर्ज त्या गृहस्थांनी घरातले दागिने मोडून फेडले. नंतर कितीतरी वेळा मला त्याची आठवण झाली आहे. स्टुडिओच्या कर्जाच्या अर्जात यंत्राचे कोटेशन नेहमी असते, गिऱ्हाइकांची यादी मी कधीच पाहिली नाही.

आता साधा हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. समजा दुकानाचे भाडे महिना १२,००० रुपये, मदतनीस १२,०००, वीज-फोन-इंटरनेट ४,०००, कर्जाचा हप्ता ८,००० आणि दुरुस्ती व किरकोळ ४,०००. एकूण ४०,०००. पासपोर्ट फोटोच्या एका संचामागे कागद-शाई जाऊन ७० रुपये सुटतात असे धरले, तर नुसता खर्च निघायला महिन्याला ५७२ गिऱ्हाइके लागतात, म्हणजे २६ दिवसांत रोज २२.

पण यात मालकाचा पगार कुठे आहे? आपल्याकडे दुकानदार स्वतःच्या श्रमाचे मोल धरतच नाहीत. गल्ल्यातून लागतील तसे पैसे घरी नेतात आणि वर्षाअखेर दुकान चालते असे समजतात. त्यांचाच मुलगा बाहेर नोकरी करता तर ३०,००० मिळाले असते, तेवढी रक्कम खर्चात धरलीच पाहिजे. मग लागतात ७०,०००, म्हणजे महिन्याला १,००० पासपोर्ट गिऱ्हाइके, रोज ३८-३९. एवढी कुठल्याच गल्लीत येत नाहीत.

तीच रक्कम कामाची मिसळ केली तर अशी जमते : पासपोर्ट-व्हिसाची रोज १० गिऱ्हाइके धरून १८,२००. जुने फोटो दुरुस्त करण्याची महिन्याला ३० कामे, प्रत्येकी ४०० सुटले तर १२,०००. घरगुती समारंभ ६, प्रत्येकी ४,००० सुटले तर २४,०००. दुकानदार आणि घरगुती उद्योगांच्या वस्तूंचे फोटो, महिन्याला ८ बैठका, प्रत्येकी २,००० प्रमाणे १६,०००. बेरीज ७०,२००. यांतला कुठलाही आकडा अशक्य नाही. आणि यात नवे महागडे यंत्र कुठेच आलेले नाही, हेही पाहावे.

घरगुती प्रसंग

मोठ्या लग्नांचे काम आता वेगळ्या लोकांकडे गेले आहे. त्यांच्याकडे चार-पाच जणांचा ताफा, ड्रोन, सिनेमासारखी चित्रफीत असते. त्यांच्याशी स्पर्धा करण्यात लहान स्टुडिओने पैसे घालू नयेत असे माझे मत आहे. मात्र एक गोष्ट त्या ताफ्यांना बहुधा ठाऊक नसते : आपले विधी. हस्तमेळाप कधी होतो ते त्यांना पाठ असते, पण मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो तो क्षण डोळ्याचे पाते लवते तेवढाच असतो हे कळत नाही. कानपिळी, सूनमुख, झाल यांच्या वेळी ते जेवायला गेलेले असतात. हे माहीत असणारा माणूस म्हणून मोठ्या ताफ्याबरोबर एक दिवसाचे काम घेता येते, जबाबदारी न घेता.

खरे उत्पन्न लहान समारंभांत आहे. डोहाळजेवण, बारसे, जावळ, केळवण, मंगळागौर, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन. इथे मोठे ताफे येत नाहीत, घरचेच कोणीतरी मोबाइलवर फोटो काढते आणि तो काढणारा कुठल्याच फोटोत नसतो. दोन तास, एक माणूस, ठरलेला दर, चाळीस निवडक फोटो आणि एक छापील अल्बम, असा सरळ सौदा लोकांना परवडतो.

बोरन्हाणाचे उदाहरण सविस्तर घेतो, कारण त्यात महिनाभराचे काम आहे. बडोद्यात १४ जानेवारीला उत्तरायण, सगळे शहर गच्चीवर. त्या दिवशी बोरन्हाण कोणी करत नाही. पण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे शनिवार-रविवार मोकळे असतात. हलव्याचे दागिने करणाऱ्या भगिनी आपल्यातच आहेत. स्टुडिओवाल्याने डिसेंबरमध्येच त्यांच्याशी ठरवावे : दागिने त्यांचे, फोटो आपले, एकच दर, आणि दोघांनी एकमेकांचे गिऱ्हाईक पाठवायचे. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीलाही काळी साडी आणि हलव्याचे दागिने असतातच. काढण्याबाबत एक सूचना. मुलाचा एकट्याचा फोटो बोरे-चुरमुरे ओतण्याआधी, पहिल्या पाच मिनिटांत काढून घ्यावा. नंतर मूल मुकुट ओढते, हार तोडते आणि हलवा खाऊन टाकते. (माझ्या नातीने बाजूबंद पूर्ण खाल्ला होता. फोटो आहे.) आणि ओतताना खालून, मुलाच्या उंचीवरून फोटो घ्यावा, नाहीतर डोक्याचाच येतो.

त्याच दिवसांतले हळदीकुंकू. वाणाला स्टीलचे डबे आणि प्लास्टिकच्या वाट्या सगळ्यांकडे साचल्या आहेत. एका स्टुडिओवाल्याला मी सुचवले की एक लहान डाय-सब प्रिंटर घेऊन यजमानीणबाईंच्या घरी बसावे, येणाऱ्या प्रत्येकीचा एक चांगला फोटो काढून मिनिटाच्या आत छापून पुठ्ठ्याच्या चौकटीत वाण म्हणून द्यावा. समजा पन्नास सवाष्णी आणि प्रत्येकी ५० रुपये, तर यजमानांना वाणाचा नेहमीचाच खर्च येतो आणि स्टुडिओला दोन तासांचे २,५०० मिळतात. शिवाय पन्नास घरांत दुकानाचे नाव मागे छापलेला फोटो जातो. जाहिरातीचा इतका स्वस्त आणि मानाचा मार्ग मला दुसरा दिसत नाही.

नवरात्रात गरब्याला जाण्याआधी चणिया-चोळीतले फोटो, विद्यापीठाच्या पदवीदानाच्या दिवसांत झगा घालून आईवडिलांबरोबरचे फोटो, हेही त्याच पद्धतीचे हंगामी काम. मगवर आणि उशीवर फोटो छापण्याच्या मागे फार लागू नये. ऑनलाइन कंपन्या ते आपल्या खर्चाच्या दरात देतात.

माळ्यावरच्या निगेटिव्ह

आपल्या भागातला एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकांच्या वारसांनी माळ्यावरची खोकी भंगारवाल्याला विकली. त्यात तीन-चार दशकांच्या निगेटिव्ह होत्या. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवरची प्रतिमा ही चांदीचीच बनलेली असते आणि ती चांदी काढून घेणारे लोक असतात, म्हणून त्यांना भाव मिळाला. रंगीत निगेटिव्हमध्ये धुतानाच चांदी निघून गेलेली असते, त्यामुळे त्या कचऱ्यात गेल्या. माझ्या मुंजीचे फोटो तिथे काढले होते. आमच्या घरचा अल्बम १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यात गेला, तेव्हा वडील म्हणाले होते, राहू दे, निगेटिव्ह दुकानात आहेत. मी त्या दुकानात जाईन जाईन म्हणत वर्षे घालवली. दोष वारसांना तरी कसा देऊ? त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

कलकत्त्याच्या बोर्न अँड शेफर्ड या एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओचा मोठा संग्रह १९९१ च्या आगीत नष्ट झाला आणि २०१६ मध्ये दुकानही बंद झाले. ते जगप्रसिद्ध होते म्हणून बातमी तरी झाली. गल्लीतल्या स्टुडिओची होत नाही.

व्यवसायाच्या दृष्टीने पाहिले तर जुन्या स्टुडिओकडे असलेली आणि नव्या स्पर्धकाकडे नसलेली मालमत्ता ही एवढीच. कॅमेरा कोणीही विकत घेतो. १९६८ साली अमुक घरात झालेल्या लग्नाची निगेटिव्ह एकाच दुकानात असते. ताळेबंदात तिची किंमत शून्य लिहिलेली असते, कारण आम्हा हिशेबवाल्यांना ती धरायची पद्धत माहीत नाही.

सुरुवात नोंदवहीपासून करावी. बहुतेक जुन्या स्टुडिओंत पाकिटावर क्रमांक आणि तारीख असते आणि वहीत नाव. आधी वही उतरवून काढावी, मग लग्न-मुंजीच्या निगेटिव्ह वेगळ्या कराव्यात. सगळे स्कॅन करत बसू नये, त्यात वर्ष जाते आणि पैसा मिळत नाही. ज्या कुटुंबांचा पत्ता लागतो त्यांच्याच निगेटिव्ह आधी घ्याव्यात. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस जवळ आलेली जोडपी मंडळाच्या कार्यक्रमांत भेटतातच. त्यांच्या मुलांना फोन करून सांगावे, आईबाबांच्या लग्नाच्या बारा निगेटिव्ह आमच्याकडे आहेत. त्यानंतर दर काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. तरीही दर आधी ठरवून लिहून ठेवावा, माणूस भावुक झाला म्हणून वाढवू नये.

उघडलेल्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेट फिल्म कुजू लागली आहे असे समजावे. अशा फिल्म इतरांपासून वेगळ्या ठेवाव्यात आणि पहिल्यांदा त्याच स्कॅन कराव्यात, कारण एकीची वाफ दुसरीला लागते. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह २४०० ते ३२०० डीपीआयला आणि कागदी फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला म्हणजे बहुतेक कामांना पुरते. फ्लॅटबेड स्कॅनर नसेल तर एलईडी पॅडवर निगेटिव्ह ठेवून मॅक्रो लेन्सने फोटो काढला तरी चालतो. मूळ फाइल टिफ स्वरूपात, दोन वेगळ्या जागी ठेवावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी हा मोठा शत्रू. निगेटिव्ह कागदी पाकिटांत, लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि पुड्या वेळोवेळी वाळवाव्यात.

दुरुस्तीचे काम आता संगणक फार लवकर करतो. इथे सावध राहावे. एआयने चेहरा स्वच्छ होतो, पण कधी कधी तो दुसऱ्याच माणसाचा होतो. आजोबांच्या कपाळावरचा व्रण डाग समजून पुसला जातो. रंग भरताना साडी हिरवी होती की जांभळी हे यंत्राला ठाऊक नसते, ते अंदाज करते. म्हणून मूळ स्कॅन न बदलता गिऱ्हाइकाला द्यावा, दुरुस्त प्रत वेगळी द्यावी आणि रंग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून भरावेत. फोटो शक्यतो गिऱ्हाइकासमोर स्कॅन करून मूळ प्रत लगेच परत करावी. घरातला एकुलता एक फोटो दुकानात ठेवून जायला लोक घाबरतात आणि म्हणून आणतच नाहीत.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. काचेला चिकटलेला जुना फोटो ओढून काढू नका, थर काचेवर राहतो आणि चेहरा जातो. चौकटीसकट आणा, काचेवरून स्कॅन होतो. आणि १९८० च्या सुमारास आलेले चिकट पानांचे अल्बम फोटो पिवळे करतात. त्यातून फोटो सुटत असतील तर काढून कागदी पाकिटात ठेवा. मागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नाही.

हाराचा फोटो

हा विषय स्टुडिओवाले बोलत नाहीत, पण प्रत्येकाच्या वहीत तो आहे. दहाव्या-बाराव्याच्या आत कोणीतरी दुकानात येते, हातात लग्नातला गटाचा फोटो असतो. काका, यातून आजींचा चेहरा काढून मोठा करून मिळेल का? आजी तिसऱ्या रांगेत, अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्यामागे. काका म्हणतात, बघतो बेटा, उद्या ये. रात्रभर बसून करतात. या कामाला तातडीचा जादा दर लावू नये असे मी आग्रहाने सांगेन. ते कुटुंब पुढची वीस वर्षे त्या दुकानात येते.

पण त्याहून बरे म्हणजे चांगल्या दिवसांत चांगला फोटो काढून ठेवणे. ज्येष्ठांना तसे सांगितले तर त्यांना वाईट वाटते, म्हणून निमित्त दुसरे हवे. पेन्शनच्या कागदांना पतीपत्नीचा एकत्र फोटो लागत असे, त्या निमित्ताने कितीतरी जोडप्यांचा लग्नानंतरचा पहिला नीट फोटो निघाला, हे मी काउंटरवर बसून पाहिले आहे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी ज्येष्ठ मंडळी बाहेर पडतातच. त्या आठवड्यात मंडळाच्या सभागृहात खुर्ची, एक दिवा, साधा पडदा लावून ज्येष्ठांच्या फोटोचा दिवस ठेवता येईल. मंडळाने जागा द्यावी, स्टुडिओने ठरलेला माफक दर घ्यावा. ज्यांना दुकानाचा जिना चढवत नाही ते यातून येतील.

दुकानाची ओळख

गूगल मॅप्सवर दुकानाची नोंद फुकट होते. नाव मराठी, गुजराती आणि इंग्रजीत असावे, वेळ खरी असावी, आणि आतला फोटो असावा. व्हॉट्सॲप बिझनेसवर दरपत्रक ठेवावे. गिऱ्हाइकाला विचारून बाळाची जन्मतारीख वहीत घ्यावी आणि वाढदिवसाच्या आधी एकच संदेश पाठवावा. रोज सुप्रभात पाठवणारा दुकानदार लोक बंद करून टाकतात. वस्तूंच्या फोटोंसाठी घरगुती उद्योग करणाऱ्या भगिनींना भेटावे. ॲमेझॉनवर मुख्य फोटो शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला असा लागतो, तो मोबाइलवर सहसा जमत नाही.

एक कायद्याची बाब. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाईक असतो, छायाचित्रकार नव्हे. त्यामुळे न विचारता मुलीचा फोटो शोकेसमध्ये किंवा इन्स्टाग्रामवर लावणे चूक आहे. पूर्वी यावरून दुकानांत भांडणे झालेली आहेत. पावतीवरच एक ओळ छापून सही घ्यावी.

कागदपत्रे आणि पैसा

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य आहे, ती करून घ्यावी. शाळा किंवा कंपन्यांची ओळखपत्रांची कामे मोठी दिसतात पण पैसे महिनोन् महिने अडकतात. नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर आयकर कायद्यातील तरतुदीमुळे कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापला की हिशेब खात्याला ते बरोबर समजते.

मुद्रा योजनेत तारण न देता कर्ज मिळते : शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेविषयी बरेच जण विचारतात, पण तिच्या १८ व्यवसायांत छायाचित्रकार नाही. फोटोच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी असला तरी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवाव्यवसायाला साधारणपणे नोंदणी लागत नाही. ५० लाखांच्या आत ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना आहे, त्यात मात्र गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही. दर आणि मर्यादा बदलतात, तेव्हा आपल्या सीएला विचारूनच ठरवावे.

कर्ज मागायला जाताना यंत्राच्या कोटेशनबरोबर गेल्या दोन वर्षांतल्या गिऱ्हाइकांची यादी न्यावी : किती जण दुसऱ्यांदा आले, कोणत्या कामाला आले, आणि पुढच्या सहा महिन्यांत कोणते समारंभ ठरलेले आहेत. ज्यांच्याकडे जुन्या निगेटिव्हच्या नोंदवह्या आहेत त्यांना ती वही उतरवून काढायला मदत हवी असेल तर मी रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात असतो. हस्ताक्षर मोडी वळणाचे असले तरी मला वाचता येते.